‘इस्त्रांग’ या टोपीकरी शब्दापायी किल्ला रिकामा जाहला त्याची हकीकत

श्री. जी वाग्देवी माणसाचे मुखी शब्द घालते आणि त्याचा अर्थ मात्र आपले पदरी राखून ठेवते, तिचे चरणी मस्तक ठेवून शके सतराशे चौदा, परिधावी नाम संवत्सरे, माघमासी जे घडले ते लिहिले जाते.

दौलतीचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. इतकेच समजावे की पुढे दर्या, मागे घाट, मध्ये खाडी आणि खाडीचे मुखावर काळ्या दगडाचा किल्ला, ऐसी ती दौलत होती, आणि गादीचे धनी पाळण्यात असल्याकारणे कारभार त्यांच्या मातोश्री आईसाहेब पाहत होत्या. आईसाहेब बहुत करारी. बोलणे थोडे, ऐकणे फार. त्यांचे पदरी निळोपंत कारभारी, किल्ल्यावर हणगोजी काटकर किल्लेदार, आणि टोपीकरांशी बोलणे पडेल त्यासाठी दुलबा शेणवी दुभाषे, ऐसे मातबर लोक होते. पैकी दुलबांवर जो प्रसंग गुदरला त्याचीच ही हकीकत. दुलबांनी तरुणपणी टोपीकरांचे वखारीत राहोन त्यांची भाषा संपादिली होती, आणि संपादिली म्हणजे ऐसी की, एक त्यांचा शब्द घ्यावा, त्यास एक आपला शब्द जोडावा, आणि जोडी एकदा लागली की जन्मात सोडवू नये. ‘इस्त्रांग म्हणजे बळकट’ हीही त्यांतलीच एक जोडी होती. दौलतीत दुसरा कोणी ती भाषा जाणत नव्हता, म्हणोन दुलबा चुकतात की नाही हे दुलबांवाचून कोणास कळण्याचा संभव नव्हता, आणि दुलबांचे मते ते चुकत नव्हते.

त्या साली लाडलाव नामे टोपीकर, धंद्याने वैद्य, आपले लोकांचा वकील होऊन घाटाचे वाटेने दौलतीत आला, आणि आईसाहेबांनी त्याचा बहुमान करून सभेत बसविला. मग साहेबाने आपले पेटीतील चहा नामे पाला कढवून आईसाहेबांपुढे धरविला, आईसाहेबांनी हात लावून परत दिला, आणि साहेब आपण एक घोट घेऊन मान डोलावून बोलिला, “इस्त्रांग.” दुलबा उठोन म्हणाले, “साहेब म्हणतात, हे पाणी बळकट आहे.” सभा थक्क जाहली. दगड बळकट, बैल बळकट, भिंत बळकट. परंतु पाणी बळकट हे कोणी ऐकिले होते? निळोपंतांनी न राहवून पेल्यात बोट घातले, ते सहज बुडाले, तेव्हा ते अधिकच चकित जाहले आणि मागाहून जाऊन त्यांनी स्नान केले. दुसरे दिवशी किल्लेदार हणगोजी यांनी साहेबास बंदर दाखविले. तेथे कोळणींनी सुकट वाळत घातली होती. साहेबाने चटदिशी नाकास रुमाल लाविला आणि आतून बोलिला, “इस्त्रांग!” दुलबांनी सांगितले, “साहेब आपले मासळीची तारीफ करितात. वास बळकट म्हणतात.” हणगोजी पडले शिपाईगडी, ते म्हणाले, “तारीफ करितो तर नाक का धरितो?” दुलबा म्हणाले, “घेतलेला वास निसटू नये म्हणोन.” हणगोजी हसले आणि पुढे चालले, परंतु दुलबांचे मनास तो खडा टोचत राहिला. नाक धरून कोणी तारीफ करीत नाही, हे त्यांसही ठाऊक होते. साहेबास एकवार विचारावे ऐसे जिभेवर आले. मग वाटले, दुभाष्यानेच अर्थ विचारला तर लोक म्हणतील, मग हा पागोटे बांधून मिरवतो कशास? म्हणोन आलेला प्रश्न त्यांनी तेथेच गिळला.

याउपरि खबर आली की घाटावरील सरदार रणनवरे खाडीचा किल्ला घ्यावा या इराद्याने फौजेसह निघाले. आईसाहेबांनी सभा भरविली आणि साहेबास पुसविले, “आपण घाटाने आलात. वाटेत रणनवऱ्यांची छावणी पाहिली असेल. फौज किती?” साहेब हसला, हात झटकून जणो माशी वारावी तैसे करून बोलिला, “आठशे इस्त्रांग.” दुलबा बोलिले, “साहेब म्हणतात, त्या फौजेत आठशे असामी बळकट आहेत.” निळोपंत पुढे सरकले आणि म्हणाले, “आठशे बळकट, ते ठीक. आणि बाकीचे?” दुलबांनी साहेबाकडे पाहिले. साहेब स्वस्थ बसला होता, विचारावयाचा अवकाश, उत्तर मिळते. परंतु सारी सभा दुलबांचे तोंडाकडे पाहत होती, आणि दुलबांस त्या क्षणी न विचारणेच शहाणपणाचे वाटले. ते म्हणाले, “बाकीचे साहेबांनी सांगितले नाहीत. मोजण्यापलीकडचे असावेत.” हे शब्द पडले मात्र, आणि सभेत वीज पडावी तैसे जाहले. ज्या फौजेत नुसते निवडक बळकटच आठशे, तिचे साधे लोक किती हजार असतील! कोणाचे हातचे पान गळाले, कोणी भिंतीस टेकले, आणि एक म्हातारे सरदार “अंबे, अंबे” म्हणत मटकन खाली बसले. निळोपंत कुजबुजले, “आणि हा टोपीकर हसतो कशास?” दुलबा म्हणाले, “संकट सांगताना हसावे, ऐसी त्यांची चाल आहे.”  तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, “आपले लढते लोक हजाराच्या आतबाहेर. कोवळा धनी आणि गरीब रयत या पुरात लोटणे मजकडोन होणार नाही. उद्या किल्ला सोडावा. खाडीपार जंगलात जावे.” ऐसी आज्ञा जाहली, आणि निळोपंतांनी आपले अकलेने तीत भर घातली की तोफांची दारू शत्रूचे हाती पडो नये, तरी ती सारी खाडीत बुडवावी. हुकुमाप्रमाणे पिंपे गडगडत गेली आणि सांज होण्याआधी दारूखाना धुतल्या हंड्यासारखा रिकामा जाहला. साहेबाने दुलबांस पुसिले की ही धावपळ कसली, तेव्हा दुलबांनी “आज्ञा आहे” इतकेच सांगितले, आणि साहेब समजला की या देशी दरबार ऋतूप्रमाणे जागा बदलीत असेल.

हणगोजी किल्लेदार त्या दिवशी सभेत नव्हते. छातीत कळ आणि कोरडा खोकला, यांनी ते दोन रोज अंथरुणास खिळले होते. लाडलाव साहेबाने त्यांची नाडी पाहिली, आणि आपले पेटीतून तांबूस काळा अर्क काढून एक कुपी त्यांचे स्त्रीस, गोजराबाईस, दिली आणि बोलिला की थोडे थेंब पाण्यातून द्यावे, अर्क इस्त्रांग आहे. दुलबांनी सांगितले, “वहिनी, थोडे थेंब पाण्यातून द्या. औषध बळकट आहे.” गोजराबाईंनी विचारले, “बळकट म्हणजे ताकदीचे ना, भावोजी?” दुलबा म्हणाले, “होय, ताकदीचे.” पुढे किल्ला सोडण्याचा हुकूम हणगोजींचे कानी गेला, तेव्हा ते अंथरुणावर उठोन बसले आणि खोकत खोकत म्हणाले, “आठशे बळकट येवोत की आठ हजार. माझा बाप या दरवाजात पडला. मी येथून हलणार नाही. तुम्ही पोरांस घेऊन जावे.” गोजराबाईंनी त्यांचे तोंडाकडे पाहिले आणि ओळखले की हा माणूस आता खरेच हलत नाही. पहाट जाहली, लोक गाठोडी बांधो लागले, तेव्हा त्यांनी मनाशी म्हटले, हे राहणार तर मीही राहीन. परंतु लढावयाचे तर अंगात बळ पाहिजे, आणि थेंबाथेंबाने बळ कधी यावे? ऐसे म्हणोन त्यांनी ते ताकदीचे औषध पळीभर ओतले आणि आपले हाताने नवऱ्यास पाजिले.

थोडक्या वेळात हणगोजींचा खोकला थांबला, तेव्हा बाई संतोषल्या. मग बोलणे थांबले. मग डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या जाहल्या, ओठ निळे पडले, आणि श्वास एक आला की दुसरा येईल की न येईल ऐसे जाहले. बाईंनी जो टाहो फोडिला तो खाडीपर्यंत ऐकू गेला. दुलबा आणि साहेब धावत आले. साहेबाने कुपी पाहिली, पळी पाहिली, आणि त्याचा गोरा चेहरा चुन्यासारखा जाहला. त्याने ओरडोन म्हटले, “हा अफूचा अर्क! मी इस्त्रांग म्हणोन बजावले होते!”  दुलबा म्हणाले, “इस्त्रांग म्हणोनच दिला, साहेब.” साहेबास याचा अर्थ लागेना, आणि विचारावयास वेळ नव्हता. त्याने मिठाचे पाणी पाजून किल्लेदारांस ओकविले, मग भाजल्या बुंदाचा, म्हणजे काफीचे बियांचा, कावा उकळण्यास सांगितले आणि वरती बजाविले, “इस्त्रांग करा.” येथे दुलबांचे तोंडी ‘बळकट’ शब्द आला, आणि दातांशीच अडला. उभे जन्मात प्रथमच त्यांनी टोपीकरास प्रश्न केला, “साहेब, इस्त्रांग म्हणजे कसा?” साहेब खेकसला, “काळा! दाट! कडू! जीभ पिळवटेल ऐसा!” दुलबांनी गोजराबाईंस तैसेच सांगितले, बाईंनी रडत रडत तैसाच केला, आणि तो काढा किल्लेदारांचे घशात गेला. मग साहेब म्हणाला, “यांस झोपू देऊ नका. झोपले की गेले. उभे करा, वाऱ्यावर न्या, आणि चालवा.” तेव्हा एका बाजूस साहेब आणि एका बाजूस दुलबा, ऐसे हणगोजींचे हात खांद्यांवर घेऊन त्यांस तटावर चढविले, आणि समुद्राचे वाऱ्यात एका बुरुजापासून दुसऱ्या बुरुजापर्यंत नेऊ आणू लागले. हणगोजी पुटपुटत होते, “झोपू द्या रे, पाया पडतो, झोपू द्या.” दुलबा त्यांचे कानात ओरडत, “काटकर, डोळे उघडा!” आणि पुन्हा पाऊल पडे.

चालता चालता दुलबांनी विचारले, “साहेब, इस्त्रांग म्हणजे अंगास बळ देणारे, ऐसे नव्हे?” साहेब म्हणाला, “नव्हे. बळ त्या वस्तूचे आपले. पिणाऱ्यास ते मिळेलच ऐसे नाही. कधी ते पिणाऱ्यावरच चालून येते.” दुलबा म्हणाले, “आणि मासळीचा वास?” साहेब म्हणाला, “नाक फाटेल ऐसा. म्हणोनच रुमाल लाविला.”  मग दुलबांनी विचारले, “आणि आठशे इस्त्रांग?” साहेब म्हणाला, “आठशे. एकूण एक आठशे.” “म्हणजे बळकट आठशे, आणि साधे निराळे?” साहेब थांबला. म्हणाला, “निराळे कोणी नाहीत. संख्येशी तो शब्द आला की बळ सांगतच नाही. लंगडे, पांगळे, आचारी, मोतद्दार, सारे धरून ते आठशे. मी हसून सांगितले ना, की भिण्याचे कारण नाही!”  तटावरून खाली दुलबांस सारे दिसत होते: दरवाजा सताड उघडा, खाडीत होड्या, होड्यांत भांडीकुंडी, म्हाताऱ्या, पाळणे, आणि धक्क्यावर आईसाहेब, धन्यास पोटाशी धरून, पाऊल उचलून होडीत ठेवणार. हजार लढते लोक आठशांस भिऊन पळत होते, आणि त्यांस पळविणारा शत्रू घाटात नव्हता, तो येथे तटावर उभा होता. दुलबांनी हणगोजींचा हात मदतीस आलेल्या एका कोळ्याचे खांद्यावर टाकिला आणि ते पायऱ्या गाळीत खाली धावले. पागोटे कोठे पडले याची शुद्ध राहिली नाही.

धक्क्यावर पोहोचून त्यांनी होडीचा काठ दोहों हातांनी धरिला आणि म्हणाले, “आईसाहेब, थांबावे! फौज आठशेच आहे. एकूण आठशे. मी अर्थ चुकलो. आणि चुकलो त्याहून वाईट हे की शंका आली असता विचारिले नाही.”  जो तो होता तैसाच उभा राहिला, कोणाचे डोईवर हंडा, कोणाचा एक पाय होडीत. निळोपंत किंचाळले, “जीभ उपटावी याची! आत्ता, येथेच!”  आईसाहेब म्हणाल्या, “पंत, आधी होड्यांची तोंडे फिरवा. जिभेचे मागाहून पाहू.” मग पुसिले, “दारूखान्यात दारू किती उरली?” निळोपंतांनी खाडीकडे बोट केले.  तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, “दारू गेली. माणसे आहेत. सर्वांनी तटावर चढावे.”

मग जे लोक रडत उतरले होते ते धापा टाकीत चढले, दरवाजा लागला, अडसर पडला, आणि रिकाम्या बंदुका, कोयते, वल्ही, मुसळे, जे हातास लागले ते घेऊन बाया, बाप्ये, कोळी, भंडारी, पुजारी, सारे तटावर दाटीने उभे राहिले. तिसरे प्रहरी समोरचे टेकडीवर रणनवऱ्यांचे निशाण दिसले. एकही तोफ उडण्याजोगी नव्हती, आणि ही गोष्ट तटावरील प्रत्येकास ठाऊक होती.  हणगोजींस चालविणे मात्र बंद करता येत नव्हते, कारण थांबले की त्यांची मान लवे. तेव्हा साहेब आणि धक्क्यावरून परत आलेले दुलबा त्यांस शत्रूचे नजरेसमोर या बुरुजावरून त्या बुरुजावर नेत राहिले. दुलबांस वाटे की आता गोळी येते, आता येते. परंतु त्यांनी खांदा काढिला नाही.

पलीकडे काय जाहले ते पुढे रणनवऱ्यांचेच एका जासुदाचे तोंडून कळले. त्यांस खबर होती की किल्ला ओस पडला आणि किल्लेदार मरणपंथास लागला. टेकडीवरून पाहतात तो तटावर मुंगीस वाट नाही, आणि मरणारा किल्लेदार टोपीकराचे गळ्यात हात टाकून संध्याकाळचे हवेस फिरावे तैसा रमतगमत फिरतो! रणनवरे हबकले. म्हणाले, “टोपीकर यांस मिळाले. पहा कैसा गळ्यात गळा घालून हिंडतो! किल्ला ओस ही हूल आम्हास आत ओढण्यासाठी उठविली होती. दरवाजाशी गेलो तर भाजून निघू.” ऐसे बोलोन त्यांनी दिवस मावळण्याचे आत निशाण फिरविले आणि घाट धरिला. तटावर कोणी जयजयकार केला नाही. लोकांस आपले डोळ्यांवर विश्वासच बसेना. टेकडी मोकळी जाहली तरी ते तैसेच मुसळे धरून उभे होते.

हणगोजी शुद्धीवर आले, आणि त्यांस यातले काहीच आठवत नव्हते. पाय दुखतात इतकेच म्हणाले. पुढे सभा भरली. दुलबा पागोट्यावाचून उभे राहिले, साहेबाने नाक धरिले तेथपासोन सारे सांगितले आणि म्हणाले, “दुभाषेपण काढून घ्यावे, आणि जी शिक्षा असेल ती द्यावी.” निळोपंत शिक्षा सुचविणार, तोच स्त्रियांचे बाजूने गोजराबाई पुढे आल्या आणि बोलिल्या, “थोडे थेंब, हे भावोजींनी नीट सांगितले होते. पळी मी भरली. शिक्षा वाटायची तर माझा वाटा मला द्यावा.” आईसाहेब म्हणाल्या, “आणि दारू कोणी बुडविली, त्याचा वाटा?” तेव्हा निळोपंत खाली बसले. मग आईसाहेब दुलबांस म्हणाल्या, “परके बोलीत कोण चुकत नाही? तो गुन्हा नव्हे. नाक धरलेले पाहिले, हसणे पाहिले, मनात खडा लागला, आणि लाजेपायी गिळला, हा गुन्हा. परंतु तुम्हास काढून दुसरा ठेवावा, तर त्याने आपला गुन्हा अजून करावयाचा आहे. तुम्ही करून बसलात. पागोटे बांधा.” तटाचे पायऱ्यांवर सापडलेले पागोटे हणगोजींनी पुढे आणिले आणि आपले हातांनी दुलबांस बांधिले.

पुढे टोपीकरांशी तहाची कलमे ठरली. साहेबाने ती ऐकून मान हलविली आणि बोलिला, “फेर.” हा शब्द दुलबांस वखारीपासून ठाऊक होता, फेर म्हणजे गोरा. सभा थांबली. आईसाहेबांनी विचारले, “काय म्हणतात?” दुलबा हात जोडून म्हणाले, “मजला कळले ऐसे वाटते, म्हणोन पुसून घेतो.” आणि भर सभेत साहेबाकडे वळोन त्यांनी अर्थ विचारिला. साहेब सांगत बसला, बराच वेळ गेला, उन्हे चौकात आली, आणि इतक्या माणसांत कोणी हसले नाही की कोणी हलले नाही. मग दुलबा वळले आणि म्हणाले, “वाजवी. साहेब म्हणतात, कलमे वाजवी आहेत.”

इत्यर्थ, किल्ला राहिला, किल्लेदार वाचले, दारू गेली ती गेली. इस्त्रांग शब्दाचे एकंदर अर्थ किती, हे दुलबा शेणवी यांस मरेतो पुरते कळले नाही, आणि ही गोष्ट ते कोणासही न लाजता सांगत. जैसे ऐकिले तैसे येथे लिहिले आहे. कोठे चुकले दिसेल, तेथे वाचणाराने पुसावे.